‘प्रस्तावित’ या शब्दाची किंमत

गेल्या मे महिन्यात भाचा आणि भाचेसून मला घर दाखवायला घेऊन गेले. “मामा, तुम्ही एकदा नजर टाका, मग आम्ही टोकन देऊन टाकतो,” भाचा म्हणाला. पुण्याच्या दक्षिणेला, काही वर्षांपूर्वी महापालिकेत आलेल्या एका गावात बारा मजली इमारती उभ्या राहत होत्या. सॅम्पल फ्लॅट देखणा होता. खोल्यांना दारे लावलेली नव्हती, त्यामुळे त्या ऐसपैस वाटत होत्या. पलंगही नेहमीपेक्षा आखूड होता. या युक्त्या आता बहुतेकांना ठाऊक असतात. माझी नजर अडकली ती माहितीपत्रकातल्या नकाशावर. प्रकल्पासमोरून अठरा मीटर रुंदीचा रस्ता, उजवीकडे उद्यान, थोड्या अंतरावर शाळा, पलीकडे मेट्रोचे स्थानक. चष्मा लावून पाहिले तेव्हा कळले, की यातल्या बहुतेक गोष्टी तुटक रेषांनी काढल्या आहेत आणि प्रत्येकीखाली बारीक अक्षरांत एकच शब्द छापला आहे: प्रस्तावित. मी मोजले. तो शब्द सात ठिकाणी होता.

मी म्हटले, “चला, आज जी शाळा खरोखर उभी आहे, तिथपर्यंत चालत जाऊन येऊ.” अंतर जेमतेम सातशे मीटर. सोबत त्यांची चार वर्षांची मुलगी, माझी नात होती. फाटकापासून चाळीसएक पावलांवर पदपथ संपला. पुढे रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग, मग उघडे गटार, मग एका दुकानाच्या पायऱ्या थेट डांबरापर्यंत आलेल्या. समोरून काँक्रीट मिक्सरची गाडी आली, तिच्या मागोमाग पाण्याचा टँकर. नातीला तीन वेळा कडेवर घ्यावे लागले. शाळेच्या दारात पोचलो तेव्हा पंचवीस मिनिटे झाली होती आणि भाचेसुनेच्या चेहऱ्यावरचा घराचा आनंद मावळला होता. ती एवढेच म्हणाली, “मामा, रोज हे जमायचं नाही.”

त्या पंचवीस मिनिटांत आम्हाला जे कळले, ते सॅम्पल फ्लॅटमध्ये दोन तास घालवूनही कळले नसते. आपण पैसे मोजतो ते चार भिंतींचे, पण कुटुंब राहते ते वस्तीत. फरशी बदलता येते, स्वयंपाकघराचा ओटा तोडून नवा बांधता येतो, खिडकीला जाळी लावता येते. दारासमोरचा रस्ता, नळाला येणारे पाणी, शेजारून वाहणारा ओढा आणि मुलाच्या शाळेची वाट यांतले काहीही कितीही पैसे टाकून एकट्याला बदलता येत नाही. तरीही आपली सगळी चौकशी असते ती भिंतींच्या आतली: कारपेट किती, पार्किंग किती, व्हिट्रिफाइड टाइल्स कोणत्या. बाहेरच्या बाबतीत आपण ‘प्रस्तावित’ या एका शब्दावर समाधान मानतो.

या शब्दामागे एक गणित आहे आणि ते गुंतवणूकदाराचे आहे. शहराच्या कडेला, सोयी येण्याआधी, स्वस्तात घ्या. सोयी आल्या की भाव वाढेल. गुंतवणूकदारापुरते हे गणित बरोबर असू शकते, कारण तो तिथे राहत नाही. तो दहा वर्षे थांबू शकतो. ज्या घरात चार वर्षांचे मूल आणि बहात्तर वर्षांची आजी आहे, त्या घराला दहा वर्षे थांबता येत नाही. भाव वाढण्याची वाट पाहता येते; मूल वाढायचे थांबत नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्या भरवशावर ज्यांनी त्या वर्षी हिंजवडी, माण, म्हाळुंगे परिसरात घर घेतले आणि ज्यांचे मूल तेव्हा पाच वर्षांचे होते, ते मूल २०२५ मध्ये बारा वर्षांचे झाले. २०२५ च्या मध्यापर्यंत त्या मार्गावर प्रवाशांना घेऊन गाडी धावली नव्हती. मेट्रो कधी ना कधी येतेच, यात शंका नाही. पण त्या सात वर्षांत आईवडिलांनी वाहतूक कोंडीत घालवलेल्या संध्याकाळी ती आल्यावर परत मिळणार नाहीत.

पुण्यात हा प्रश्न इतका तीव्र का झाला, हेही समजून घ्यायला हवे. २०१७ मध्ये ११ गावे आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. एका फटक्यात पुणे महापालिका क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे वेगळी काढावी लागली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे नव्याने आलेल्या वाघोली, सूस, नऱ्हे, किरकटवाडी, मांजरी अशा गावांत इमारती उभ्या राहत होत्या, लोक कर भरत होते, पण “आमच्या गल्लीत पाणी का नाही?” असे ज्याच्या दारात जाऊन विचारावे, असा नगरसेवकच नव्हता. जुन्या ग्रामपंचायतींच्या जलवाहिन्या आणि विहिरी यांच्यावर हजारो नव्या घरांचा भार पडला.

याचे सर्वांत वेदनादायक रूप जानेवारी २०२५ मध्ये दिसले. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी, खडकवासला या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली शक्ती जाणे, चालता न येणे, काहींना थेट व्हेंटिलेटर. पुणे परिसरातली रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर बोट ठेवले गेले. नांदेड गावातल्या ज्या विहिरीतून आसपासच्या वस्तीला पाणी जात होते, तिथे शुद्धीकरण केंद्र नव्हते. क्लोरीन टाकून पाणी पुढे सोडले जात होते. ज्या कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे घरे घेतली होती, त्यांतल्या किती जणांनी घेताना विचारले असेल, की नळाला येणारे पाणी कुठून येते आणि कुठे शुद्ध होते? आपल्याकडे असे विचारायची पद्धतच नाही. ‘चोवीस तास पाणी’ एवढे ऐकले की आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

चोवीस तास पाणी म्हणजे पुष्कळदा चोवीस तास टँकर. त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. माणशी दररोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे मान्य प्रमाण आहे. दोनशे घरांची सोसायटी, घरात सरासरी चार माणसे, म्हणजे दिवसाला १ लाख ८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज अकरा टँकर. टँकरला हजार रुपये धरले तर महिन्याला सुमारे ३ लाख ३० हजार, म्हणजे दर घरामागे १,६५० रुपये. तेही मेंटेनन्स वेगळे आणि महापालिकेची पाणीपट्टी वेगळी. इमारतीला परवानगी देताना, महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत मी पाणी पुरवीन, असे हमीपत्र विकासकाकडून घेतले जाते. ते हमीपत्र पाहायला मागावे आणि त्याची मुदत वाचावी. सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात गेल्यावर टँकरचे बिल प्रत्यक्षात कोण भरते, हे मात्र शेजारच्या पूर्ण झालेल्या सोसायटीतच कळते.

त्या दिवशी आम्ही तेही केले. विक्री कार्यालयातून निघून शेजारच्या, चार वर्षांपूर्वी भरलेल्या सोसायटीच्या फाटकावर गेलो. वॉचमनच्या टेबलावर पाहुण्यांच्या वहीशेजारी दुसरी एक लांबट वही होती, पाण्याने कोपरे फुगलेली. तारीख, गाडी क्रमांक, वेळ, सही. पहिली नोंद पहाटे ४.४० ची, शेवटची रात्री ११.२० ची. “मार्चपासून चौदा-पंधरा येतात साहेब,” तो म्हणाला, “रविवारी जास्त. सगळे घरी असतात ना.” ज्या गोष्टींविषयी माहितीपत्रकाच्या आर्ट पेपरवर एक ओळही नव्हती, त्यांची सगळी माहिती त्या फुगलेल्या वहीत होती. घर घेणाऱ्याने कोणत्याही वस्तीत सर्वांत आधी ही वही पाहायला मागावी.

पाणी कमी पडण्याचे जसे दुःख, तसे नको तिथे येण्याचेही. पुणेकरांना १२ जुलै १९६१ सांगायला नको. पण पानशेतचा पूर धरण फुटून आला होता, म्हणून ‘तसे आता होणार नाही’ अशी आपण समजूत करून घेतली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुगला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, कात्रज या भागांत पाणी घुसले. शहर आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक बळी घेतले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. माणसे काढायला होड्या आणि लष्कराचे जवान आले. या दोन्ही ठिकाणची घरे कोणा मोठ्या शहाण्या माणसालाही कोरड्या दिवशी चांगलीच वाटली असती. नदीचे दृश्य, मोकळी हवा, झाडी.

नदीकाठच्या घराबाबत दोन शब्द प्रत्येक खरेदीदाराला पाठ असायला हवेत: निळी पूररेषा आणि लाल पूररेषा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामाला निषिद्ध. १७ मे २०२५ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला होता. त्या बंगल्यांत राहणाऱ्यांपैकी अनेकांनी रीतसर पैसे देऊन भूखंड घेतले होते, दस्त नोंदवले होते. इथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंदणी होते, म्हणजे व्यवहार झाल्याची नोंद होते. त्या जागेवर बांधकाम कायदेशीर आहे, असा तो दाखला नसतो. मुद्रांक शुल्क सरकारने घेतले म्हणून सरकारने घराला मान्यता दिली, असे समजणाऱ्यांना चिखलीच्या ढिगाऱ्याने उत्तर दिले आहे.

नकाशावरची काही आरक्षणे अशी असतात, की ती प्रत्यक्षात यावीत अशी कोणाचीच इच्छा नसते, आणि नेमकी तीच माहितीपत्रकात छापली जात नाहीत. पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्याचे उदाहरण घ्या. तिथल्या वनजमिनीवर कचरा डेपो करण्याचा निर्णय २००८ च्या सुमाराचा. नंतरच्या वर्षांत आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या, हजारो तरुण कुटुंबे राहायला आली आणि मग त्यांना कळले, की आपल्या खिडकीसमोर कचरा डेपो प्रस्तावित आहे. २०२३ मध्ये ती कुटुंबे मुलाबाळांसह रस्त्यावर उतरली आणि वर्षाअखेरीस सरकारला तो प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. रहिवासी जिंकले, याचा आनंद आहे. पण ही लढाई त्यांच्या वाट्याला आली, कारण घर घेताना विकास आराखड्याचा नकाशा कोणी उघडला नव्हता. उद्यान ‘प्रस्तावित’ असते तेव्हा ते ठळक छापतात. कचरा डेपो, स्मशानभूमी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र ‘प्रस्तावित’ असते तेव्हा नकाशाचा तो कोपरा कापलेला असतो. महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढायला फारसा खर्च येत नाही. पाऊण कोटीचे घर घेणारा माणूस त्यासाठी एक सुट्टी टाकत नाही, ही आपली चूक आहे.

शाळेच्या वाटेकडे पुन्हा येतो, कारण माझ्या मते वस्ती कुटुंबासाठी चांगली की वाईट, हे ठरवायची तीच खरी कसोटी आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत क्लॅरन्स पेरी या नियोजनकाराने शेजारवस्तीची कल्पना मांडली तेव्हा तिच्या मध्यभागी त्याने प्राथमिक शाळा ठेवली होती. मुलाला सुमारे चारशे मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये आणि भरधाव वाहतुकीचा रस्ता वस्तीच्या कडेने जावा, मधून नव्हे, एवढे साधे सूत्र. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही हाच विचार आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर आपल्या राज्याने धरले आहे. पण हे अंतर नकाशावर मोजले जाते, चार वर्षांच्या पावलांनी नाही. वाटेत मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता आडवा आला, तर तीनशे मीटरही दुस्तर होतात. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका रात्रीत ४८ वाहनांचा चुराडा झाला होता. त्याच पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आंबेगाव, नऱ्हे, धायरी अशी दाट वस्ती आहे, शाळा आहेत, महाविद्यालये आहेत. एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असलेल्या मुलाची आई रोज सकाळी काय मनात घेऊन परत येत असेल!

वाटेचा आणखी एक अर्थ आहे. दहा वर्षांच्या मुलीला कोपऱ्यावरून दूध आणायला एकटे पाठवता येते का? सत्तरीच्या आजोबांना सकाळी काठी टेकत देवळापर्यंत जाऊन कट्ट्यावर बसता येते का? रात्री साडेनऊला कामावरून परतणाऱ्या मुलीला बसथांब्यापासून घरापर्यंत उजेड आणि उघडी दुकाने लागतात का? नव्या प्रकल्पांत फाटकाच्या आत जिम, जलतरण तलाव, ज्येष्ठांसाठी बाग असे सगळे असते. वाईट काहीच नाही. पण फाटकाच्या बाहेर पडताच ओळखीचा वाणी नाही, इस्त्रीवाला नाही, भाजीची हातगाडी नाही, पाळणाघर नाही, दहा मिनिटांत गाठता येईल असा बालरोगतज्ज्ञ नाही, अशा ठिकाणी मूल बेटावर वाढते. प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते आणि गाडी काढायला घरातला एक मोठा माणूस कायम जुंपलेला राहतो. बहुतेक घरांत ती आई असते. वस्ती चुकली की तिची नोकरी सुटते, हे मी माझ्याच नात्यात दोनदा पाहिले आहे.

आज आपण आधी घरे बांधतो आणि सोयी मागून येतात. याच देशात याच्या उलट क्रम कधी तरी पाळला गेला होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. गरिबांची घरे त्याने पाडली जास्त आणि बांधली कमी, हा त्याच्यावरचा आक्षेप खरा आहे. पण दादर-माटुंग्याची आखणी करताना त्याने आधी रस्ते, गटारे आणि मोकळ्या जागा केल्या आणि मग भूखंड दिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आजही चालत फिरण्याजोग्या आहेत, त्याचे मूळ त्या क्रमात आहे. १९२५ मध्ये खुले झालेले शिवाजी पार्क शंभर वर्षांनंतरही मुलांना मैदान म्हणून मिळते आहे, कारण ते कधी कोणाच्या माहितीपत्रकात तुटक रेषेने काढलेले नव्हते. जमिनीवर आधी होते. आपण आज क्रम उलटा केला आहे. आधी इमारत, मग माणसे, मग टँकर, मग मोर्चा, आणि शेवटी कधी तरी जलवाहिनी.

“आता रेरा आहे ना, मग काळजी कशाला?” असे अनेक जण म्हणतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचे नियमन करणारा २०१६ चा हा कायदा आणि मे २०१७ पासून काम करणारे राज्याचे प्राधिकरण महारेरा यांनी खरेदीदाराला मोठा आधार दिला आहे. करार न करता दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे विकासकावर राहते, जाहिरातीत खोटे विधान असेल आणि त्यावर विसंबून नुकसान झाले तर भरपाई मागता येते. म्हणून माहितीपत्रक जपून ठेवावे आणि तोंडी आश्वासन लेखी मागावे. पण रेराची हद्द प्रकल्पाच्या कुंपणापाशी संपते. बाहेरचा रस्ता महापालिकेने कधी करावा, शाळेच्या आरक्षणावर शाळा कधी उभारावी, हे रेरा ठरवत नाही. आणि ‘प्रस्तावित’ हा शब्द नेमका या फटीत बसतो. तो खोटा नसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारही टिकत नाही.

चूक झालीच तर घर विकून दुसरे घेऊ, हा विचारही तपासून पाहावा. पुण्यात पाऊण कोटीचे बांधकाम चालू असलेले घर पुरुषाच्या नावावर घेतले, तर सात टक्के मुद्रांक शुल्काचे सव्वापाच लाख, नोंदणीचे तीस हजार आणि पाच टक्के जीएसटीचे पावणेचार लाख, असे नऊ लाख तीस हजार रुपये जातात. ते परत मिळत नाहीत. साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण ५२ हजार येतो आणि पहिल्या हप्त्यातले साडेबेचाळीस हजार निव्वळ व्याजाचे असतात. दोन-तीन वर्षांत बाहेर पडायचे म्हटले तर मुद्दल जवळपास तिथेच असते. शिवाय ज्या कारणाने आपल्याला घर सोडावेसे वाटते, ते कारण पुढच्या खरेदीदारालाही दिसतेच.

‘चांगली वस्ती’ या शब्दांत आणखी एक धोका दडलेला आहे आणि त्याविषयी गप्प बसणे बरे नाही. घर शोधताना “तिथे कोण लोक राहतात?” हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचा रोख जात, धर्म आणि ताटातल्या पदार्थांकडे असतो. ‘फॅमिली वस्ती’ म्हणजे एकटी राहणारी बाई नको, अमुक धर्माचा भाडेकरू नको, मासे तळणारे शेजारी नकोत, असा अर्थ काही सोसायट्यांनी लावून घेतला आहे. ही सुरक्षितता नव्हे. जी सोसायटी आज दुसऱ्याच्या मुलीला एकटी म्हणून घर नाकारते, ती उद्या तुमच्या घटस्फोटित मुलीकडेही त्याच नजरेने पाहील. मुलाला वाढायला लागते ती अनेक तऱ्हांच्या माणसांची ओळख आणि अडचणीच्या वेळी उघडणारे शेजारचे दार. पदपथ, पाणी, उजेड, शाळा यांवर वस्ती पारखावी, आडनावांवर नव्हे.

“हे सगळे खरे, पण शहराच्या मध्यात आम्हाला परवडते कुठे?” या प्रश्नात तथ्य आहे. कोथरूड, एरंडवण्यातले भाव नोकरदार जोडप्याच्या आवाक्याबाहेर गेले आहेत आणि जुन्या भागांतही लिफ्ट नसलेल्या इमारती, पुनर्विकासाचे रेंगाळलेले वाद, पार्किंगची भांडणे आहेतच. त्यामुळे कडेला घर घेऊच नका, असे माझे म्हणणे नाही. कडेच्या भागातही अशा वस्त्या आहेत, जिथे नळाला पाणी आले आहे, पीएमपीची बस फिरते, शाळा सुरू आहे. भले त्या नकाशावर मिरवत नसतील. नवीन मोठ्या घराऐवजी अशा वस्तीतले दहा-पंधरा वर्षे जुने, एका खोलीने लहान घर घेणे हा तोटा नाही. आणि शक्य असेल त्यांनी जिथे घर घ्यायचे मनात आहे, त्याच वस्तीत आधी वर्षभर भाड्याने राहावे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला, की कोणत्याही माहितीपत्रकाची गरज उरत नाही.

तेवढेही जमत नसेल तर निदान तीन वेळा जावे. एकदा शाळा-ऑफिसच्या दिवशी सकाळी साडेआठला, घरातल्या सर्वांत लहान माणसाचा हात धरून आणि सर्वांत वयस्क माणसाला बरोबर घेऊन, पायी. एकदा शनिवारी रात्री दहाला, घरातल्या बाईने स्वतः उजेड आणि रहदारी पाहण्यासाठी. आणि एकदा मुसळधार पावसात, ओढ्याच्या बाजूने. एजंटाला सोबत नेऊ नये. शेजारच्या सोसायटीतल्या बायकांशी, वॉचमनशी, शाळेच्या व्हॅनवाल्या काकांशी बोलावे. मग महापालिकेतून झोन दाखला काढावा आणि जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा पाहावा. भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते विचारावे. टोकन या सगळ्याच्या नंतर.

भाच्याने ते घर घेतले नाही. सध्या ते वारज्यात एका जुन्या सोसायटीत भाड्याने राहतात. घर लहान आहे, पण नात आजीचा हात धरून बालवाडीत चालत जाते. ज्यांचे घर अजून ठरायचे आहे, त्यांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. माहितीपत्रक हातात घ्या, पेन काढा आणि ज्या ज्या गोष्टीखाली ‘प्रस्तावित’ लिहिले आहे, तिच्यावर काट मारा. काट मारून जे उरेल, त्यात तुमचे मूल पुढची दहा वर्षे वाढू शकेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तरच सही करा.